आंबा : लागवडीतील वाण व वन्य आप्त
मँजिफेरा प्रजातीत (कुल–ॲनाकार्डिएसी) सुमारे ७० जाती असून लागवडीतील आंबा मुख्यत्वे मँ. इंडिका या जातीचा आहे. त्याची रानटी झाडे ईशान्य भारत व म्यानमार या भागांत आढळतात, मँ. सिल्व्हॅटिका ही आप्त जातीही तेथे वाढते.

कोकणात आंबा पूर्वी कोयीपासूनच वाढवीत. परपरागणामुळे प्रत्येक रायवळ झाड निराळे निपजे. उरणजवळील मोरा बंदरासमोरच्या मुंबई बेटावर आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळे येतात, अशी नोंद गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात केली आहे. पुढे पोर्तुगीज अमदानीत कलमांचा प्रसार झाला व हापूससारखे वाण स्थिरावले. कलमात मातृवृक्षाचेच गुण उतरतात. त्यामुळे उत्तम फळ टिकले, तसे त्याचे दोषही टिकले.

आंब्यात ४० गुणसूत्रे असल्यावरून तो संकरज बहुगुणित असावा, असे मत सुनील कुमार मुखर्जी यांनी १९५० च्या सुमारास मांडले. २०२० मध्ये हापूसचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात पुरातन द्विगुणनाच्या खुणा आढळल्या. मात्र ही घटना मानवी लागवडीच्या कोट्यवधी वर्षे आधीची आहे.

हापूसमधील साक्याचा दोष टाळणारा ‘रत्ना’ हा नीलम व हापूस यांचा संकर कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये प्रसारित केला. त्याचे जनक मात्र एकाच जातीचे आहेत. नव्या गुणांचा साठा रायवळ झाडांत व वन्य आप्तांत आहे. ती नष्ट झाल्यास तो कलमांतून परत मिळणार नाही.