नकाशाच्या कोपऱ्यातील नाव

स्मरणिकेसाठी काही तरी लिहा असा संपादिकाबाईंचा निरोप आला, तेव्हा एखादी पाककृती देऊन सुटका करून घ्यावी असा माझा विचार होता. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही जन्मभर नकाशे काढलेत, त्याविषयी लिहा." आता मी नकाशे काढले म्हणजे बहुतेक गिरवलेच. मी आर्किटेक्ट नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. १९७१ साली फोर्टमधील एका कचेरीत ट्रेसर म्हणून लागले आणि ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. ड्राफ्ट्सवुमन असा हुद्दा आमच्या कचेरीच्या पगारपत्रकात नव्हताच.

ज्या भगिनींनी इमारतीचा नकाशा कधी हाताळला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कागदाच्या उजव्या हाताला, खाली, एक चौकट असते. तीत कामाचे नाव, प्रमाण, तारीख, आणि त्याखाली लहान लहान रकाने : कोणी आखला, कोणी गिरवला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला. सर्वांत मोठ्या अक्षरांत मुख्य साहेबांचे किंवा पेढीचे नाव. माझ्या वाट्याला त्यातला 'गिरवला' हा रकाना आला, आणि त्यात मावतील एवढी दोन अक्षरे.

एकदा कामगारांच्या लहान खोल्यांचे काम आले होते. साहेब म्हणाले, "स्वयंपाकघराचे तुम्हा बायकांनाच कळणार, तेवढे तुम्ही बघा." मी बघितले. ओटा खिडकीखाली घेतला, मोरी ओट्याला लागून पण पाठीमागे वळवली, म्हणजे भांडी घासणारीला दारातून येणाऱ्याजाणाऱ्याची पाठ लागू नये. चार दिवस रात्री घरी बसून मापे काढली. नकाशा पसंत झाला, घरे बांधली गेली, आणि कोपऱ्यात माझी दोन अक्षरे 'गिरवला' याच रकान्यात राहिली. पुढे मी साइटवर जाण्याची परवानगी मागितली, कारण त्यावाचून बढती नसे. उत्तर मिळाले की परांचीवर चढणे बाईमाणसाला धोक्याचे. आणि त्याच परांचीवरून डोक्यावर घमेली घेऊन बायका दिवसभर चढत-उतरत होत्या! असो. हे रडगाणे सांगण्यासाठी मी लेखणी घेतलेली नाही.

मी १९७८ साली वाशीत राहावयास आले. आपल्यापैकी पुष्कळजणी त्याच सुमारास आल्या. खाडीवरचा पूल नवा होता, आगगाडी यावयास १९९२ साल उजाडावयाचे होते, आणि संध्याकाळी सहानंतर सेक्टरात कुत्री आणि वारा याखेरीज कोणी नसे. हे शहर कोणी आखले याचा विचार तेव्हा सुचला नाही. पुढे एका व्याख्यानात ऐकले की चार्ल्स कोरिया आणि शिरीष पटेल या दोघांची ही कल्पना. मीही तेच पुष्कळांना सांगत आले. अलीकडे माझी नात आर्किटेक्चर शिकू लागली. तिने ग्रंथालयातून 'मार्ग' या त्रैमासिकाच्या १९६५ सालच्या अंकातील लेखाची छायाप्रत आणून माझ्यापुढे ठेवली. लेखकांची नावे तीन होती. मधले नाव होते प्रवीणा मेहता.

त्या दिवशी मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. कोपऱ्यातील नावाचे दुःख जिला ठाऊक, तिनेच दुसरीचे नाव वीस-पंचवीस वर्षे गाळून सांगितले होते.

मग नातीच्या मदतीने मी मागे मागे जात राहिले. आपल्याकडे या विद्येचा मुख्य दरवाजा म्हणजे मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय. तेथील हा वर्ग मुळात आरेखक तयार करण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाला, म्हणजे माझ्याच जातीच्या माणसांसाठी, हे वाचून गंमत वाटली. त्या दरवाजातून पदविका घेऊन बाहेर पडलेली पहिली स्त्री पेरीन मिस्त्री. जन्म १९१३, शाळा पाचगणीची, मग काही शिक्षण इंग्लंडात, आणि १९३६ साली पदविका. वडील स्वतः नामांकित आर्किटेक्ट, त्यांच्या पेढीत त्या भागीदार झाल्या आणि जन्मभर तेथेच काम करीत राहिल्या. कंबाला हिलवरील सेंट स्टीफन्स चर्च त्यांचे. १९८९ साली त्या निवर्तल्या. वडिलांची पेढी होती म्हणून सोपे गेले, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. पदवी पुष्कळांना मिळते. आपल्यावर विश्वासून घर बांधावयास देणारा माणूस मिळणे हे त्याहून कठीण, आणि त्या काळी बापाच्या नावाची पाटी नसती तर किती गिऱ्हाइकांनी त्या मुलीपुढे आपली जमीन ठेवली असती?

त्याच मुंबईत सिलोनहून एक मुलगी शिकावयास आली होती, मिनेट डी सिल्वा. कँडीची, जन्म १९१८. तिची आई ॲग्नेस ही सिलोनच्या स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून झटलेली बाई. तो अधिकार तेथे १९३१ साली मिळाला. मुलगी आईवर गेली. गांधीजींच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चात ती गेली, माफीपत्र लिहून दे म्हटल्यावर तिने नकार दिला, आणि विद्यालयातून नाव कमी झाले. १९४६ साली 'मार्ग' निघाले तेव्हा ते काढणाऱ्यांत ती आणि तिची बहीण अनिल दोघी होत्या. पुढे लंडनला जाऊन शिक्षण पुरे केले आणि १९४८ साली ब्रिटिश आर्किटेक्टांच्या रॉयल संस्थेची सभासद झाली. आशियातील स्त्रियांत पहिली.

मायदेशी परतल्यावर कँडीजवळ वाटापुलुवा येथे सरकारी नोकरांसाठी दोनशेहून अधिक घरे बांधावयाची होती. तेव्हा मिनेटबाईंनी आधी प्रश्नपत्रिका काढून कुटुंबांनाच विचारले, की तुमच्यात माणसे किती, स्वयंपाक कसा करता, पैसा किती घालू शकता. उत्तरे आल्यावर घरांचे निरनिराळे नमुने केले. हे १९५८ च्या सुमाराचे. आमच्या कचेरीत त्यानंतर वीस वर्षांनीही घरात राहणाऱ्या बाईला कोणी काही विचारले नव्हते. विचारले ते मला, तेही मी शेजारच्या टेबलावर होते म्हणून. मिनेटबाईंना मोठी कामे पुढे फारशी मिळाली नाहीत. मोठी नावे पुरुषांची झाली. १९९८ साली कँडीलाच त्या वारल्या, अखेरचे दिवस हलाखीचे होते.

उत्तरेकडे ऊर्मिला यूली चौधरी यांचा मार्ग निराळा. सिडनीला शिकून १९५१ साली त्या चंदीगडच्या कामावर आल्या. ल कॉर्ब्युझिए, पिएर जानेरे, मॅक्सवेल फ्राय आणि त्यांच्या पत्नी जेन ड्रू यांच्या बरोबरीने त्यांनी तेथे काम केले. मुलींचे पॉलिटेक्निक, गृहविज्ञान महाविद्यालय ही त्यांची कामे. पुढे हरियाणा, चंदीगड आणि पंजाब अशा तिन्ही ठिकाणी त्या मुख्य आर्किटेक्ट झाल्या. खाजगी गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागली नाही आणि खुर्चीवर नाव लागले, हा सरकारी नोकरीचा लाभ. परंतु चंदीगड म्हटले की लोकांच्या तोंडी नाव येते ते एकाच फ्रेंच गृहस्थाचे.

आता आपल्या गावाकडे येते. प्रवीणा मेहता तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरल्या होत्या. जे. जे. मधले शिक्षण अर्धे टाकून त्या अमेरिकेत शिकागोला गेल्या, तेथे पदव्या घेतल्या आणि १९५६ मध्ये परतल्या. १९६४ साली मुंबई महापालिकेच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढे आला. मुंबई म्हणजे समुद्रात लोंबणारी चिंचोळी जीभ. कचेऱ्या साऱ्या दक्षिण टोकाला, माणसे उत्तरेला, आणि सकाळी सगळ्यांचा लोंढा एकाच दिशेने. मसुद्यात उपनगरे आणखी उत्तरेकडे ताणण्याखेरीज तोड नव्हती. कोरिया, मेहता आणि पटेल या तिघांनी म्हटले की शहर उत्तरेकडे नव्हे, पूर्वेला खाडीपलीकडे न्या. नुसती घरे बांधू नका. सरकारी कचेऱ्या, घाऊक बाजार, रोजगार असे सारे तिकडे हलवा, म्हणजे लोंढा दोन दिशांना फुटेल. जमीन सरकारने आधीच घ्यावी, सुधारून विकावी, आणि त्या पैशात रस्ते, पाणी, गटारे करावीत. ही कल्पना सरकारने उचलली आणि १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. पटेलांनी तेथे नियोजनाची आणि बांधकामाची धुरा घेतली, कोरिया मुख्य आर्किटेक्ट झाले. साहजिकच ती दोन नावे पाटीवर आली आणि लोकांच्या तोंडी राहिली.

कल्पना सारी उतरली असे मात्र नाही. घाऊक बाजार आले, मंत्रालय आले नाही. उलट विधानभवनाची नवी इमारत १९८१ साली नरिमन पॉइंटलाच उभी राहिली, आणि आपल्या घरातील माणसे वर्षानुवर्षे पूल ओलांडून त्याच टोकाला जात राहिली.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या मंडळात फारशी बोलली जात नाही. सरकारने घ्यावी म्हटलेली ती जमीन मोकळी नव्हती. पंच्याण्णव गावे होती, आगरी आणि कोळी कुटुंबे होती, भातशेती होती, मिठागरे होती, आणि त्यांत राबणाऱ्या बायका होत्या. योग्य भावासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई-दास्तान येथे गोळीबारात पाच माणसे गेली. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे ठरले. कागदावर रेघ ओढताना तिच्याखाली कोणाचे शेत आहे हे दिसत नाही, हे मी स्वतः जाणते. तीस वर्षे मी त्या रेघा शाईने पक्क्या करीत आले. प्रवीणाबाईंचे नाव पाटीवर यावे असे मला वाटते, तर या हिशेबातही ते यावयास हवे. अर्धेच नाव मागणे बरे नव्हे.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत १९९१ साली रॉबर्ट व्हेंचुरी यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांच्या पत्नी आणि कामातील भागीदार डेनिस स्कॉट ब्राउन यांना वगळले होते. २०१३ साली विद्यार्थिनींनी अर्ज करून चूक सुधारा म्हटले, तरी समितीने मानले नाही. मुंबईत १९७८ साली स्वतःची पेढी काढणाऱ्या ब्रिंदा सोमय्या यांनी २००० साली दक्षिण आशियातील स्त्री-आर्किटेक्टांची परिषद भरवली, तेव्हा कुठे पुष्कळ नावे एका जागी आली. मिनेटबाई मात्र त्यापूर्वीच गेल्या होत्या.

नातीच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुली आहेत, असे ती सांगते. मी तिला विचारले, साइटवर जातेस का? म्हणाली, "जाते, आजी. मिस्त्री अजून माझ्याशी न बोलता माझ्यामागे उभ्या असलेल्या मुलाशी बोलतो. मग मी त्या मुलाला चहा आणायला पाठवते." मला ही युक्ती तिच्या वयात सुचली नाही.

त्या स्वयंपाकघराच्या नकाशाची अमोनिया प्रिंट मी अजून जपून ठेवली आहे. उजेडाने रेघा उडत चालल्या आहेत, म्हणून नातीने ती मध्यंतरी नव्या कागदावर उतरवून घेतली. वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात ती ठेवण्याचे कार्यवाहबाईंनी ठरविले आहे. तिच्याशेजारी 'मार्ग' मधील लेखाची छायाप्रत, तीनही नावांसकट, ठेवावी अशी मी विनंती केली आहे. ज्या भगिनींपाशी वाशीतील पहिल्या वर्षांचे फोटो, घराचे वाटपपत्र किंवा नकाशे असतील, किंवा ज्यांच्या माहेरच्या जमिनी या पंच्याण्णव गावांत होत्या आणि त्याची काही कागदपत्रे उरली असतील, त्यांनी ती माझ्याकडे आणून द्यावीत. प्रत काढून दुसऱ्याच दिवशी परत करीन.