जीमूतवाहन शांत की उदात्त?

जीमूतवाहनाला कुठल्या वर्गात बसवायचे, हा वाद दहाव्या शतकात माळव्यात लिहिल्या गेलेल्या एका टीकेत सापडतो. हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचा हा नायक. विद्याधरांचा राजपुत्र, पण आईवडिलांच्या सेवेसाठी राज्य सोडून वनात जातो. तिथे मलयवतीच्या प्रेमात पडतो, आणि शेवटी शंखचूड नागाचा जीव वाचवण्यासाठी स्वतःच गरुडाचे भक्ष्य व्हायला निघतो. या माणसाला शांत म्हणायचे की उदात्त?

प्रश्नामागे एक जुनी चौकट होती. नायकाचे चार स्वभाव भरताच्या नाट्यशास्त्रापासून सांगितले जात. राजा मुंजाच्या दरबारातल्या धनंजयाने ‘दशरूपक’ या नाट्यविषयक ग्रंथात ते नेटकेपणाने मांडले. कलांमध्ये रमणारा, बिनघोर तो धीरललित, जसा ‘रत्नावली’तला उदयन. सौम्य आणि संयमी तो धीरप्रशांत. ‘मृच्छकटिका’तला चारुदत्त या वर्गातला, देवलांच्या संगीत नाटकामुळे तो मराठी प्रेक्षकांच्या घरचाच झाला. गंभीर, क्षमाशील, स्वतःची प्रौढी न मिरवणारा तो धीरोदात्त, म्हणजे राम. आणि दर्पाने, मत्सराने पेटलेला धीरोद्धत, म्हणजे रावण.

‘दशरूपका’वर ‘अवलोक’ ही टीका लिहिणाऱ्या धनिकाने जीमूतवाहनाबद्दलचा आक्षेप आधी पूर्ण ताकदीने मांडला आहे. ज्याला जिंकायची इच्छाच नाही तो उदात्त कसा? तो तर बुद्धासारखा विरक्त. धनिकाचे उत्तर आजही वाचावेसे वाटते. जिंकणे म्हणजे दुसऱ्याचे धन बळकावणे नव्हे. शौर्याने, त्यागाने, दयेने जो सगळ्यांच्या वर जातो तोच खरा जिंकणारा. शिवाय मलयवतीवर जीव जडलेला माणूस विरक्त कसा? म्हणून जीमूतवाहन उदात्तच, उदात्तांमध्येही श्रेष्ठ.

या चौकटीत एक दुखरी जागा आहे. धीरप्रशांत स्वभाव ब्राह्मण, वाणी, अमात्य अशांच्याच वाट्याला दिलेला. स्वभाव जन्मावरून ठरवणारी ही अट पद्धतीचा सर्वांत कच्चा भाग आहे, आणि धनिकाने मांडलेल्या आक्षेपातही तिच्यावर बोट ठेवलेले दिसते.

पात्रांना असे वर्ग लावण्याची ओढ पुढेही दिसते. युरोपात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने 1921 मध्ये मानसिक प्रकारांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यानेही साहित्यातली पात्रे हाताशी घेतली. कार्ल स्पिट्टेलरच्या काव्यातला प्रोमिथियस अंतर्मुख, एपिमिथियस बहिर्मुख, हे दाखवायला त्याने एक अख्खे प्रकरण खर्चले. पुढे कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी युंगच्या कल्पनांवरून 16 प्रकारांची प्रश्नावली उभी केली. हॅम्लेट किंवा शेरलॉक होम्स यांना आज चार अक्षरांचे बिल्ले लावले जातात ते तिथूनच.

धनिकाला मात्र कायमचा बिल्ला मान्य नव्हता. वासरू, तरणा बैल आणि थोराड बैल या एकाच जनावराच्या अवस्था असतात, तशीच ललित, उदात्त ही नावे अवस्थांची आहेत, असे तो बजावतो. त्याचा दाखला विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीच्या ‘महावीरचरिता’तला. त्यातला परशुराम रावणाच्या बाबतीत उदात्त, रामासमोर आधी उद्धत आणि हरल्यावर शांत. एकच पात्र, तीन अवस्था.

ही मोकळीक दुय्यम पात्रांना होती. मुख्य नायकाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच स्वभावाचे राहावे, ही अपेक्षा कायम होती, आणि तिच्यापायी कथासुद्धा वाकवली गेली. रामाने आडून वालीला मारले, हे उदात्त नायकाला न शोभणारे. मायुराज या नाटककाराने ‘उदात्तराघवा’त तो प्रसंगच गाळला. भवभूतीने तो ठेवला, पण उलटा करून: त्याच्या नाटकात रावणाच्या मैत्रीखातर वालीच रामाला मारायला येतो, आणि मग राम त्याला मारतो.