डब्यांवरचे रंगीत पट्टे

बारकोड म्हटलं की आपल्याला डी-मार्टचं बिलिंग काउंटर आठवतं. पण मंडळी, बारकोडला पहिली मोठी नोकरी लागली ती मालगाडीवर, आणि गेलीही तिथूनच.

इकडे एका रेल्वे कंपनीचे डबे दुसरीच्या रुळांवर, कॅनडा-अमेरिका सीमा ओलांडून सर्रास फिरतात. कुठला डबा कुठे आहे, हा हिशोब म्हणजे डोकेदुखी. त्यावर सिल्व्हेनिया कंपनीतल्या डेव्हिड कॉलिन्सने 'कारट्रॅक' काढलं. १९६७ साली रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने ते स्वीकारलं आणि कॅनडाच्या सीएन, सीपीच्या डब्यांवरही एकाखाली एक तेरा पट्ट्या लागल्या. रंग चार: केशरी, निळा, पांढरा, काळा.

माझं काम प्रकाशाचंच, त्यामुळे सांगतो, रचना झकास होती. घाटातली पाटी रात्री हेडलाइटमध्ये चमकते ना, तसंच पट्ट्यांचं मटेरियल: प्रकाश आला त्याच वाटेने परत पाठवणारं. रुळाशेजारच्या झेनॉन दिव्याचा झोत फिरत्या आरशांवरून पट्ट्यांवर जायचा आणि परतलेला प्रकाश रंगीत फिल्टरमधून सेन्सरवर पडायचा. गाडी ताशी ९५ किलोमीटरने धावत असली तरी चालायचं.

अडलं ते धुळीपाशी! काळा म्हणजे 'प्रकाश परत आला नाही', आणि चिखलही नेमकं तेच सांगतो. शेवटचा पडताळणीचा अंक फक्त चूक पकडायचा, सुधारायचा नाही. गणित करून बघा. प्रत्येक पट्टी १०० पैकी ९८ वेळा नीट वाचली, तरी तेराच्या तेरा नीट येण्याची शक्यता जेमतेम ७७ टक्के! प्रत्यक्षातही १९७५ च्या सुमारास साधारण पाचातला एक डबा वाचता येत नव्हता. आता पट्ट्या पुसायच्या कोणी? डबा एकाचा, रूळ दुसऱ्याचे. इथला बर्फ आणि चिखल मी सहा हिवाळे बघतोय, तेव्हा ८० टक्के म्हणजे मला तरी कौतुकच वाटतं. असो. १९७७ च्या सुमारास कारट्रॅक गुंडाळलं.

कॉलिन्स मात्र १९६८ लाच बाहेर पडला होता. काळ्या-पांढऱ्या रेघा आणि लेसर घेऊन त्याच्या नव्या कंपनीने १९६९ मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात स्कॅनर बसवला. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगगमचं पाकीट स्कॅन झालं. दुकानात लेबल कोरं असतं, अंतर वीतभर, आणि 'बीप' नाही आला तर काउंटरवरची मुलगी वस्तू पुन्हा फिरवते. धावत्या गाडीला कोण म्हणणार, जरा मागे ये म्हणून?

रेल्वेने १९९१ मध्ये रेडिओ टॅगचं मानक स्वीकारलं. त्यांना चिखलाचं काही वाटत नाही.