कलावंताचे हात आणि बडोद्याचा कॅमेरा

बडोद्यात दांडिया बाजाराच्या अंगाने गेले की कलाभवनाची जुनी वास्तू लागते. आज तेथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा भरते. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती बोलणाऱ्या आम्हा बडोदेकरांना या वास्तूचा अभिमान आहे, पण तो सयाजीराव महाराजांपुरता. कलावंताला पडद्यावर आणणाऱ्या लघुपटांचा एक धागा येथून निघतो, हे मात्र आम्ही आमच्या मुलांना कधी सांगितले नाही.

महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले आणि ते सुरतेच्या प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती सोपविले. हाताला काम देणारे शिक्षण देशी भाषेतून मिळावे, हा गज्जरांचा आग्रह होता. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून थोरल्या भावाबरोबर बडोद्यास आले आणि येथे चित्रकला व मूर्तिकाम शिकले. मुलाची धडपड पाहून गज्जरांनी छायाचित्रणाची खोली आणि प्रयोगशाळाच त्याला वापरावयास दिली. गुजराती गुरू आणि मराठी शिष्य! उभयतांमध्ये भाषा आडवी आल्याचे ऐकिवात नाही.

पुढे फाळक्यांनी गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा मांडला. १९०० च्या प्लेगात त्यांची पत्नी व मूल गेले. बडोद्यास परतून त्यांनी पुन्हा कॅमेरा उभा केला, तर लोक जवळ येईनात. फोटो काढला की हे यंत्र अंगातली शक्ती शोषून घेते आणि माणूस मरतो, असा समज होता, असे चरित्रकार सांगतात. नुकतेच घर उजाड झालेल्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागले!

त्यानंतरची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १९१२ ची लंडनवारी, वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारी छोटी फिल्म आणि ३ मे १९१३ रोजी लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’. परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो १९१७ चा ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट. यात देव नाहीत, चमत्कार नाहीत. नटांना सूचना देणारे आणि फिल्म हाताळणारे खुद्द फाळके आहेत. ज्या यंत्राला लोक भ्याले, त्यामागे माणसाचे हातच काम करतात, हे त्यांनी उघड करून दाखविले. बडोद्यातल्या त्या भीतीला हे सतरा वर्षांनी दिलेले उत्तर होते, असे मी मानतो. कलावंतावर आपल्याकडे निघालेल्या अगदी आरंभीच्या चित्रपटांत याची गणना करावयास हवी.

बडोद्यात कलेचे दुसरे पर्व १९५० साली ललित कला शाखेने सुरू झाले. ना. श्री. बेंद्रे तेथे शिकवीत. पुढे के. जी. सुब्रमण्यन आले. त्यांचे शांतिनिकेतनातील गुरू विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी गेली होती. त्यांच्यावर सत्यजित राय यांनी १९७२ साली ‘द इनर आय’ काढला. डोळे गेल्यावरही हात काम करीत राहतात, हे त्यात दिसते.

आमच्या गावच्या भूपेन खख्खरांची गोष्ट निराळी. मुंबईत जन्मलेला हा सनदी हिशेबनीस १९६२ साली बडोद्यास आला, दिवसा जमाखर्च पाही आणि उरल्या वेळात चित्रे काढी. गुजरातीत कथा-नाटकेही लिही. १९८३ साली त्यांच्यावर इंग्लंडच्या ज्यूडी मार्ल यांनी लघुपट केला. मग १९९० साली अरुण खोपकरांनी ‘फिगर्स ऑफ थॉट’ मध्ये खख्खर, नलिनी मलानी आणि विवान सुंदरम या तिघांना एकत्र आणले. खोपकर मराठीत लिहिणारे, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविलेले दिग्दर्शक. कलाभवनात गुजराती गुरूने मराठी शिष्याला कॅमेऱ्याची खोली उघडून दिली होती. येथे एका मराठी माणसाने गुजराती चित्रकारासाठी कॅमेरा उघडला. ऋण असे फिटते!

खख्खर २००३ साली गेले, सुंदरम २०२३ साली. लघुपट मागे राहिले. पण फिल्म तरी किती टिकते? फाळक्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. १९१७ च्या लघुपटाचेही तुकडेच आज पाहावयास मिळतात. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने हिंडून डबे गोळा केले, म्हणून फाळक्यांचे थोडेफार तरी हाती लागले.

सीमाभागातल्या घरांना हे सांगण्याचे कारण एवढेच की, आपल्या गावचा मूर्तिकार, साइनबोर्ड रंगविणारा पेंटर, नाटकाचे पडदे रंगविणारा म्हातारा यांची कामे आपण पाहिली, हात मात्र कोणी टिपले नाहीत. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. त्या माणसाची बोली आपल्या घरातली असो वा शेजारची, तो कामाला बसला असता घटकाभर त्याच्या हातांसमोर कॅमेरा धरावा. आणि जे टिपले, ते पुसू देऊ नये.