मोजलेला सांधा

ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे कामातून उपचार, पहिल्या महायुद्धातून जन्मली, असे सर्रास लिहिले जाते. कागदांवरच्या तारखा मात्र वेगळे सांगतात. अमेरिकेतल्या या व्यवसायाच्या पहिल्या संस्थेची स्थापना १५ मार्च १९१७ ची. अमेरिका युद्धात उतरली ६ एप्रिलला. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी जॉर्ज बार्टन यांच्या घरी तिचे संस्थापक जमले होते. बार्टन वास्तुविशारद, क्षय आणि डाव्या अंगाच्या लुळेपणातून बागकाम-सुतारकाम करत सावरलेले. विल्यम डन्टन मनोरुग्णांचे डॉक्टर. पण त्याच बैठकीतले टॉमस किडनर कॅनडाच्या लष्करी रुग्णालय आयोगात जायबंदी सैनिकांच्या व्यवसाय-प्रशिक्षणाचे काम पाहत होते. कल्पना युद्धाआधीची खरी, तरी युद्धाची जाण तिथे आधीच पोचलेली होती.

अमेरिकी लष्कराने या कल्पनेला शिस्त लावली. १९१८ मध्ये ‘रीकन्स्ट्रक्शन एड’ या नावाने स्त्रियांची भरती सुरू झाली. फ्रान्समधल्या ला फोशच्या बेस हॉस्पिटल ११७ मध्ये युद्धाच्या धक्क्याने खचलेले सैनिक त्यांच्या हाताखाली लाकूड-पत्र्याची कामे करू लागले.

लष्कराच्या वॉल्टर रीड रुग्णालयात काम करणारे मानसशास्त्रज्ञ बर्ड बॉल्डविन यांची १९१९ ची पुस्तिका मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. जखमी सांधा किती अंश वाकतो ते आधी मोजायचे, मग त्या सांध्याला हवी तीच हालचाल ज्यात पुन्हापुन्हा येते असे काम द्यायचे, आणि ठरावीक काळाने पुन्हा मोजायचे. रंधा मारताना कोपर वाकते, सरळ होते. तीच हालचाल इथे औषध ठरली. मन रमवणारे काम आता शल्यचिकित्सकापुढे आकड्यांत मांडता येऊ लागले. रुग्णालयांत या व्यवसायाचे पाय रोवले गेले ते अशा नोंदींमुळे, असे माझे मत आहे.

ज्यांनी हे काम केले त्या स्त्रियांना मात्र लष्करी हुद्दा नव्हता. गणवेश होता, समुद्रापारची नेमणूक होती, पण दर्जा मुलकी नोकराचा, आणि उपचार डॉक्टरच्या आदेशाने. या व्यवसायातल्या स्त्रियांना अमेरिकी सैन्यात अधिकारीपद मिळाले १९४७ मध्ये. हा विलंब मला अन्यायच वाटतो.

युद्धकाळातल्या निकडीतूनच १९१८ मध्ये फिलाडेल्फियात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा निघाली. तिथे शिकलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातले या विषयाचे पहिले विद्यालय सुरू केले.