मैदान कोणाचं? कबड्डीच्या मंडळांची गोष्ट

धानाची कापणी उरकली, दिवाळी झाली, की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार रंगते. मोकळ्या बांधीत चुन्याच्या रेघा मारून कबड्डीचे सामने होतात. आपण बाया कडेला बसून ते बघतो. आज या खेळाबद्दल बोलू.

आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाली, "माझी पोरगी शाळेच्या संघात होती. दहावी झाली अन् खेळ सुटला. गावात पोरांचं मंडळ आहे, पोरींनी जावं कुठं?" उत्तर कोणाकडेच नव्हतं. मग आम्ही विचार केला, जी मंडळं टिकली ती कशामुळे टिकली?

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी एक आखाडा सुरू केला. तेच आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिम्पिक भरलं, तेव्हा या मंडळाचं पथक तिथं गेलं आणि परदेशी लोकांसमोर आपले देशी खेळ करून दाखवले. त्यात कबड्डीही होती. पुढे मंडळाने शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं. म्हणजे नुसते खेळाडू नाही, तर खेळ शिकवणारेही तयार केले. स्वतःची जागा आणि शिकवणारी माणसं, या दोन गोष्टींवर मंडळाने शंभरी ओलांडली.

आपल्याकडे कबड्डीला जुने लोक हुतूतू म्हणत. पूर्वी गावागणिक नियम वेगळे असत. ते एकसारखे करण्याचं काम महाराष्ट्रात आणि बडोद्यात १९२० च्या सुमारास सुरू झालं. १९५० मध्ये देशाचा कबड्डी महासंघ झाला आणि १९५५ मध्ये बायांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा कोलकात्याला झाली. म्हणजे बायांची कबड्डी ही काही कालची गोष्ट नाही. महाराष्ट्राच्या शकुंतला खटावकर यांना १९७८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये पाटण्याला बायांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे.

आता खर्चाचं बघा. बायांच्या कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. एखाद्या खळ्याएवढी जागा! बॅट नको, जाळी नको. एका बाजूला सात जणी, चुना आणि मऊ माती, एवढंच पुरतं. मग अडतं कुठं? पैशात नाही अडत. संध्याकाळची वेळ घरकामाची, पोरीला कोण सोडणार? मैदानावर पोरांचा ताबा, तिथं कशी जाणार? लग्न झालं की खेळाचं नावच काढायचं नाही. मुलांच्या मंडळात मोठा भाऊ सोडतो तेव्हा धाकटा येतो, म्हणून मंडळ चालत राहतं. पोरींच्या बाबतीत ही साखळीच तुटते.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान पोरींसाठी राखून ठेवावं, असा ठराव महिला ग्रामसभेत मांडायचा. त्या दिवशी गटातल्या दोघी जणींनी आळीपाळीने मैदानावर हजर राहायचं, म्हणजे आईबापांना घोर नाही. आणि शाळेत खेळून आलेल्या सुनांना शिकवायला बोलवायचं. खेळणारी सून गावात असते, आपण तिला कधी विचारलेलंच नसतं.

मैत्रिणींनो, आपला बचत गट सुरू झाला तेव्हाही लोक म्हणालेच होते, चार दिवस चालेल. तो चालला, कारण बैठकीचा वार आपण चुकवला नाही. पोरींच्या मंडळाचंही तसंच आहे. पुढच्या मंडईला पोरींचा एक तरी सामना आपल्या गावात व्हावा. तुमच्या गावात पोरी खेळत असतील, तर आम्हाला जरूर कळवा.