प्रकाश, ध्वनी आणि धूर

औषधांच्या जाहिरातींना आवर घालणारा आपल्याकडचा मुख्य कायदा 1954 चा. ‘औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम’ असे त्याचे लांबलचक नाव. त्यात जाहिरातीची व्याख्या करताना सूचनापत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी पुकारा हे सगळे मोजून झाल्यावर प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्याद्वारे केलेली घोषणाही धरली आहे. धुराने औषध विकणारा कोण त्यांच्या डोळ्यांसमोर होता कोण जाणे! पण त्या ‘प्रकाशा’मुळे सत्तर वर्षांपूर्वीचा हा मसुदा आजच्या मोबाइलच्या पडद्यालाही लावता येतो. सांडोरच्या एखाद्या औषध दुकानदाराने गावातल्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर ‘मधुमेहावर अमुक गोळी आली आहे’ असे कळवले, तर तो या व्याख्येत सापडू शकतो. ‘औषधे घरपोच मिळतील’ एवढेच लिहिले तर या कायद्यापुरता तो मोकळा.

या कायद्याआधीच्या दिवसांत औषध आणि छापखाना एकमेकांच्या आधाराने वाढले. गिरगावच्या के. टी. डोंगरे कंपनीचे बालामृत मराठी घरांत पोचले ते जाहिरातींच्या बळावर. काशीनाधुनी नागेश्वरराव यांनी 1893 मध्ये मुंबईत अमृतांजन काढले, गाण्याच्या मैफलींत त्याच्या डब्या फुकट वाटल्या, आणि त्याच धंद्याच्या कमाईवर 1908 मध्ये मुंबईतूनच ‘आंध्र पत्रिका’ सुरू केली. तेलुगू पत्रकारितेतले एक मोठे नाव डोकेदुखीच्या मलमावर उभे राहिले, असे म्हटले तर चूक नाही. पुढच्याच वर्षी का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंकांचाही संसार जाहिरातींवर चालत आला आहे. आपल्या पत्रांत जाहिराती नकोत म्हणणारे गांधीजींसारखे संपादक अपवादच.

बालामृत, अमृतांजन हे झाले सभ्य शेजारी. त्यांच्या पलीकडे ताकद, वीर्य, बंद पडलेली पाळी आणि गुप्तरोग यांवरच्या अक्सीर गोळ्यांचा बाजार होता. 1930 मध्ये नेमलेल्या कर्नल चोप्रा समितीने औषधांच्या भेसळीचा आणि नियंत्रणाच्या अभावाचा पाढा वाचला. त्यातून 1940 चा औषध कायदा आला, 1948 मध्ये औषध विक्रेत्यांच्या व्यवसायाचा कायदा झाला आणि मग जाहिरातींची पाळी आली.

1954 च्या कायद्याची खरी गंमत त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या कलमांतल्या फरकात आहे. चौथे कलम खोट्या, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी आहे. तिसरे कलम खरे-खोटे विचारतच नाही. गर्भपात, स्त्रियांमधील गर्भधारणेला प्रतिबंध, संभोगशक्ती, पाळीच्या तक्रारी, गुप्तरोग आणि नियमांत नोंदवलेले इतर रोग यांवर औषध सुचवणारी जाहिरातच नको, असे ते सांगते. औषध गुणकारी असले तरी सुटका नाही. लोकांनी आपल्या मनाने औषध घेऊ नये, हा हेतू. तो समजण्यासारखा आहे. पण त्या यादीत गर्भप्रतिबंध कसा येऊन बसला?

इथे मला र. धों. कर्वे आठवतात. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, पायी प्राध्यापकी गमावली आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. साधने विकायची आणि त्यांची माहितीही द्यायची, असा त्यांचा दुहेरी व्यवहार होता. अश्लीलतेच्या खटल्यांत ते सापडले. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड चुकला नाही. 14 ऑक्टोबर 1953 रोजी कर्वे गेले आणि 30 एप्रिल 1954 रोजी हा कायदा मंजूर झाला. आणखी काही वर्षे जगते, तर गर्भप्रतिबंधक औषधाची जाहिरात छापल्याबद्दल त्यांना भोंदू वैदूंच्या रांगेत उभे करता आले असते. कायद्यात सवलत आहे, पण ती शास्त्रीय किंवा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेल्या पुस्तकाला. म्हणजे कर्व्यांचे पुस्तक चालले असते, औषधांची किंमतयादी नाही. सरकारने स्वतः छापलेली औषधाची जाहिरात मात्र या बंदीतून वगळली आहे. 1968 मध्ये सरकारनेच निरोध बाजारात आणून त्याचा गाजावाजा केला.

हमदर्द दवाखान्याने या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर 1959 च्या निकालात निव्वळ धंद्याची जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, असे न्यायालय म्हणाले. पण कोणते रोग यादीत घालायचे हे सरकारवर मोकळे सोडणारे शब्द आणि जप्तीचे सरसकट अधिकार रद्द झाले. म्हणून 1963 च्या दुरुस्तीने रोगांची यादी कायद्यालाच जोडली. चौपन्न नोंदी: कर्करोग, मोतीबिंदू, मधुमेह, रक्तदाब, अगदी माणसाची उंचीसुद्धा. तरी विरार लोकलच्या डब्यात मर्दानी ताकदीची चिकटपत्रे लागतातच. जो पत्ता लपवतो त्याला कायद्याची धास्ती कमी. ज्याचा परवाना भिंतीवर टांगलेला असतो त्याला जास्त. 1995 मध्ये टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम या मुंबईतल्या फोनपुस्तिकेच्या वादात न्यायालयाने जाहिरातीलाही भाषणस्वातंत्र्यात जागा दिली. औषधांवरची बंधने मात्र तशीच राहिली.

ऑनलाइन औषधविक्रीसाठी केंद्राने ऑगस्ट 2018 मध्ये नियमांचा मसुदा काढला. त्यात अशा विक्रेत्याने रेडिओ, दूरदर्शन, इंटरनेट वा छापील माध्यमात कोणत्याही औषधाची जाहिरात करू नये, असे होते. मसुदा अजून मसुदाच आहे; दरम्यान औषधे मोबाइलवर विकली जात आहेत. औषध विक्रेत्यांच्या 2015 च्या आचारनियमांनी रुग्ण ओढण्यासाठी केलेला खटाटोपही गैर ठरवला आहे. सांडोरच्या दुकानदाराला दुकानाचे नाव, वेळ आणि घरपोच सेवा एवढेच निर्धास्तपणे सांगता येते. डॉक्टरला मात्र आपल्या दवाखान्यावर ‘येथे मधुमेहावर उपचार होतात’ अशी पाटी लावता येते. तेवढी सवलत 1954 पासून कायद्यातच आहे. शेजारच्या औषध दुकानाच्या पाटीला ती नाही.